वाद झालाच नाही, तर हरला कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला 'सिव्हिल वॉर'वरचा, म्हणजे कॅप्टन अमेरिका आणि आयर्नमॅन एकमेकांविरुद्ध लढतात त्या मार्व्हलच्या सात अंकी कॉमिक मालिकेवरचा लेख वाचला. लगेच लिहायला बसलो असतो, तर तुम्हाला छापता येईल असं काही लिहून झालं नसतं, म्हणून एक दिवस थांबलो.

सुपरहिरो कॉमिक्सला मराठी वर्तमानपत्रात अर्धं पान मिळालं, याचा आनंद आहे आणि तो खरा आहे. पण लेख कॉमिकवर आणि फोटो सिनेमाचा, हा काय प्रकार? २०१६च्या सिनेमात कॅप्टन अमेरिका ढाल टाकून निघून जातो. कॉमिकमध्ये तो मुखवटा उतरवून बेड्या घालून घेतो. ज्या शेवटाचं तुमचे लेखक एवढं कौतुक करतात, तो त्या फोटोवाल्या सिनेमात नाहीच.

त्यावर कडी म्हणजे मथळ्यातच कॅप्टनची शरणागती जाहीर. माझी मुलगी अकरावीत आहे. माझ्याकडचे अंक काढून ती पाचव्यापर्यंत आली होती, स्पायडरमॅनने नुकती बाजू बदलली होती. चहा घेता घेता तिने पुरवणी उघडली आणि सगळं संपलं. तुम्ही म्हणाल, २००७ साली संपलेल्या मालिकेचं आता कसलं गुपित? मान्य. पण तो शेवट वाचून मी जसा हिरमुसलो होतो, तसं स्वतःच्या हिमतीवर हिरमुसायचा तिलाही हक्क होता.

आता तुमचे लेखक ज्याला 'प्रगल्भ' म्हणतात त्या शेवटाबद्दल. सातव्या अंकात कॅप्टनच्या बाजूचा व्हिजन आयर्नमॅनचं चिलखत निकामी करतो, कॅप्टन त्याला लोळवतो, शेवटचा घाव घालायला ढाल उचलतो आणि तेवढ्यात रस्त्यावरची साधी माणसं, बचावपथकातली मंडळी, त्याच्या अंगावर झेपावतात. तो आजूबाजूला पाहतो, न्यूयॉर्कची दैना दिसते, डोळ्यांत पाणी येतं आणि खेळ खलास. आपण जिंकत होतो, असं बरोबरचे म्हणतात, तर हा उत्तर देतो की सगळं जिंकत होतो, फक्त वाद नाही.

माझा प्रश्न एवढाच आहे : वाद झाला कुठे? कुठल्या पानावर? पहिल्या अंकात अमेरिकेतल्या स्टॅमफर्ड शहरात स्फोट होतो, शाळेतली पोरं जातात, मुखवटेवाल्यांनी सरकारकडे नाव नोंदवायचा कायदा येतो; आयर्नमॅन कायद्याच्या बाजूने, कॅप्टन विरोधात. दुसऱ्यात स्पायडरमॅन पत्रकारांसमोर चेहरा उघडा करतो. चौथ्यात थॉर या सुपरहिरोची बनवलेली नक्कल कॅप्टनच्या बाजूच्या गोलायथला मारून टाकते. मग तुरुंग, पळापळ, मारामारी आणि आणखी मारामारी. चित्रकार मॅकनिव्हनची चित्रं अशी की पान उलटायला हात धजत नाही, हे मीही म्हणेन. पण नोंदणी का हवी आणि का नको, यावर दोन माणसं समोरासमोर बसून धड बोलली आहेत, असं एक तरी पान तुमच्या लेखकांनी दाखवावं. प्रकाशकांनी जाहिरातीत मात्र विचारलं होतं की तुम्ही कोणाच्या बाजूने? आम्ही बाजू घेतल्या. आम्हाला काय ठाऊक, प्रश्न फक्त अंक खपवायला होता!

वाद खरा झाला तो आमच्या सोलापुरात. माझा मामेभाऊ तेव्हा न्यू जर्सीत होता. गावाकडे येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून अंक पाठवायचा. त्यात मार्व्हलने चौथा अंक लांबवला, मग पुढचेही लांबले. तेवढ्या काळात मी आणि माझा एक मित्र चार हुतात्मा पुतळ्यापाशी बसून भांड भांड भांडलो. तो आयर्नमॅनवाला. म्हणायचा, लुना चालवायला लायसन लागतं आणि इमारती पाडायला नको? मी म्हणायचो, यादी एकदा सरकारकडे गेली की ती कोणाच्या हातात पडेल हे कोण सांगणार? कायदा आहे म्हणून तो बरोबरच, असं निदान या पुतळ्यांखाली बसून तरी बोलू नकोस. इथे १९३०ला मार्शल लॉ लागला होता, तोही कायदाच होता आणि १२ जानेवारी १९३१ला ही चार माणसं येरवड्यात फासावर गेली तीही कायद्यानेच. त्यावर तो चिडायचा, 'हुतात्म्यांना मध्ये आणू नको, ही चीटिंग आहे.' असेल. पण निदान मुद्दा तरी होता. तिकडे सात अंकांत एवढंही कोणाला सुचलं नाही.

पैज लागली होती. ज्याची बाजू हरेल त्याने डिस्को भजी खिलवायची, पोट भरेपर्यंत. सातवा अंक आला तो ऐन मे महिन्यात, कोणाच्या तरी लग्नाला आलेल्या पाहुण्यांबरोबर. भर उन्हात आम्ही दोघांनी एकाच अंकात डोकं घालून तो वाचला. शेवटचं पान उलटलं आणि मित्र म्हणाला, 'चल, भजी.' मी म्हणालो, कसली भजी? माझा माणूस जिंकत होता, त्याने स्वतःहून सोडून दिलं. तो म्हणाला, सोडलं म्हणजे हरला. पैज तशीच राहिली. मित्र पुण्याला नोकरीला गेला, लग्न झालं, पोरं झाली, पैज आहे तिथेच आहे.

आणि परवा सकाळी त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर तुमच्या लेखाचा फोटो. खाली एक ओळ : 'पेपरातपण आलं बघ. भजी बाकी आहेत.'

संपादक महाराज, तुमच्या लेखकांना कल्पना नसेल की त्यांनी कोणाच्या हातात कोलीत दिलंय.

बरं, ज्याला शेवट म्हणून तुम्ही गौरवलंत तो शेवटही नव्हे. शरणागतीनंतर दोन आठवड्यांत कॅप्टनला कोर्टाच्या पायऱ्यांवर गोळ्या घातल्या गेल्या, पण त्या वेगळ्या मासिकात, 'कॅप्टन अमेरिका'च्या पंचविसाव्या अंकात. म्हणजे सात अंकांचे पैसे मोजलेल्या वाचकाने हिशेब पुरा व्हायला आणखी एक अंक घ्यायचा. स्पायडरमॅनने चेहरा दाखवल्याची किंमत त्याच्या मे काकूने गोळी खाऊन मोजली, तीही त्याच्याच मासिकात. आणि आयर्नमॅन? त्याला बढती मिळाली, थेट 'शील्ड' या सरकारी हेरसंस्थेचा प्रमुख. दोन वर्षांनी, २००९ला, कॅप्टनलाही परत जिवंत केलं. या सगळ्याबद्दल अर्ध्या पानात एक ओळ नाही. सिनेमातल्या नटांच्या कपड्यांवर मात्र अख्खा परिच्छेद आहे.

लेखकांनी मालिका पुन्हा एकदा वाचावी. अंक मिळत नसतील तर माझ्याकडे आहेत, मुलीचं वाचून झालं की देईन. ती सध्या रुसली आहे, सहावा उघडायला तयार नाही.

जाता जाता : आमच्या भागातलं पाण्याचं वेळापत्रक तुम्ही हल्ली याच पुरवणीच्या मागच्या पानावर छापता. पाणी शनिवारी रात्रीच येऊन गेलेलं असतं. रविवारी वाचून घागरी भरत नाहीत, तेव्हा ते कृपा करून शुक्रवारच्या मुख्य अंकात घ्या. जागेची अडचण असेल तर नटांच्या कपड्यांचा परिच्छेद काढता येईल.

आपला,
एक जुना वर्गणीदार
जुळे सोलापूर