सह्या झाल्यावर वाचायचा करार

मा. संपादक,

भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या, तेव्हापासून स्कॉच किती स्वस्त होणार याचीच चर्चा जास्त. माझे दुखणे वेगळे आहे : सह्यांआधी करार संसदेला दाखवलाच पाहिजे, अशी सक्ती आपल्याकडे नाही.

बॅलार्ड इस्टेटमध्ये एका क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे आयातदारांचा माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्याकडे, मी ३१ वर्षे बिल ऑफ एंट्री (आयात मालाचे कस्टम्सचे फॉर्म) भरली. परदेशांशी झालेला करार आमच्या टेबलावर यायचा तो अधिसूचना होऊनच. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी झालेल्या कराराची अधिसूचना क्र. ४६/२०११ आली, तेव्हा झेरॉक्सवर पेन्सिलीने खुणा करत बसलो होतो. मिरीला किती शुल्क, पामतेलाला किती. कस्टम्स कायद्याच्या कलम २५ खाली अधिसूचना निघाली की आयात शुल्काचा दर उतरला. संसदेने याला हो कधी म्हटले, हा प्रश्न आमच्या डोक्यातही यायचा नाही.

निवृत्तीनंतर घटनेची सातवी अनुसूची वाचली. संघ सूचीतली १४ वी नोंद परराष्ट्रांशी करारांची, राज्य सूचीतली १४ वी शेतीची! योगायोगच, पण भांडण नेमके या दोघींत आहे : करार करणार केंद्र, शेती मात्र राज्यांची. करार अमलात आणायला संसद कलम २५३ खाली राज्यांच्या विषयावरही कायदा करू शकते. करार करण्याआधी मात्र तिला विचारलेच पाहिजे, असे घटनेत कुठे नाही. कच्छ निवाड्याच्या (कच्छच्या रणातल्या भारत-पाकिस्तान सीमेच्या लवादाच्या) खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९६९ साली सांगितले की, नागरिकांचे हक्क किंवा देशाचा कायदा बदलत असेल तरच कायदा करावा लागतो.

आता बाहेर बघा. कोलंबियात १९९१ च्या घटनेनुसार प्रत्येक करार अंतिम मंजुरीआधी घटना न्यायालयापुढे आपोआप जातो, कोणी याचिका करायची गरज नाही. आयर्लंडमध्ये युरोपीय संघ आणि कॅनडा यांचा व्यापार करार एका खासदाराने कोर्टात नेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला : परदेशी गुंतवणूकदारांच्या लवादाचा निवाडा आयरिश कोर्टांनी जवळजवळ डोळे मिटून वसूल करून द्यायचा, हे घटनेत बसत नाही. करार फेकून द्या असे कोर्ट म्हणाले नाही. आधी लवादाचा कायदा दुरुस्त करा, म्हणाले. आणि ज्या ब्रिटनशी आपण सह्या केल्या, तिथे २०१० च्या कायद्याने करार २१ कामकाजी दिवस संसदेपुढे ठेवावा लागतो.

आपल्याकडे कोर्टाचे राहू द्या. सह्यांआधी निदान महिनाभर मसुदा संसदेच्या समितीपुढे आणि राज्य सरकारांकडे जावा. शेतमालाचे परिशिष्ट मराठीतही द्यावे. लासलगावच्या कांदेवाल्याने ते इंग्रजीतून का वाचायचे?

– एक निवृत्त क्लिअरिंग कारकून, लालबाग, मुंबई