आधी कागदावर, मग तोंडाने

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे सगळ्यांनी मिळून कल्पना सुचवणं, सुरू झालं की तुझ्या इंग्रजीच्या वर्गात दोघंच बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात, असं तू लिहिलंस. त्यांना काही सुचत नाही असं मुळीच समजू नकोस. मनात वाक्य जुळवेपर्यंत पाळी निघून जाते, आणि पाळीची वाट बघताना सुचलेलंही निसटतं. डील आणि स्ट्रोब या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली गटांवर प्रयोग करून हेच दाखवलं होतं, एका वेळी एकानेच बोलायचं म्हटलं की कल्पना अडून राहतात. परक्या भाषेत ही अडचण वाढणारच.

म्हणून पहिली तीन मिनिटं कोणीच बोलायचं नाही. गट चार-पाच जणांचा ठेव. प्रश्न नेमका दे: 'सोमवारची तासाभराची मीटिंग अर्ध्या तासात कशी आटपेल?' 'मीटिंग कशा सुधाराव्यात?' असं ढोबळ विचारलंस तर कागद कोरेच राहतील. प्रत्येकाने तीन कल्पना लिहायच्या, पण तीन-चार शब्दांतच. पूर्ण वाक्य लिहिलं की माणूस ते नुसतं वाचून दाखवतो आणि बोलण्याचा सराव बुडतो.

मग पाळीपाळीने एकेक कल्पना. फळ्यावर तीनच सुरुवाती लिही: 'हाऊ अबाउट', 'व्हाय डोन्ट वी', 'वी कुड'. चुका ठरलेल्या असतात. 'हाऊ अबाउट सेंडिंग द अजेंडा अर्लिअर' हे बरोबर, पण तेच 'सेंडिंग' 'व्हाय डोन्ट वी'लाही चिकटतं. तिथे नुसतं 'सेंड' हवं. 'आय सजेस्ट टू सेंड' तर हमखास ऐकू येईल, तिथेही 'सेंडिंग'च. मध्येच टोकू मात्र नकोस. चुका टिपून ठेव, शेवटच्या पाच मिनिटांत कोणाचंही नाव न घेता फळ्यावर मांड आणि त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घे.

कल्पना निघत असताना टीका नको, हा ब्रेनस्टॉर्मिंगचे जनक ॲलेक्स ऑस्बर्न यांचा मूळ नियम. तो नुसता सांगून भागत नाही, कारण तोंडात 'येस, बट' बसलेलं असतं. त्याच्या जागी 'बिल्डिंग ऑन दॅट, वी कुड ऑल्सो' घोटून घे. टीकेला नंतर वेगळी पाच मिनिटं दे आणि तिची भाषाही आधीच शिकव: 'माय ओन्ली कन्सर्न इज', 'वुड दॅट वर्क इफ'. हे हाताशी नसेल तर माणूस 'नो, नॉट पॉसिबल' म्हणून मोकळा होतो. मनात काही नसतं, पण समोरच्याला ते उद्धट वाटतं.

गट फारच बुजरा असेल तर एखादा तास रोरबाख यांची ६-३-५ पद्धत घे. सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं. मग कागद शेजाऱ्याकडे, त्याने आधीचं वाचून पुढे भर घालायची. अशा सहा फेऱ्या झाल्या की अर्ध्या तासात १०८ कल्पना होतात. बोलणं यात होत नाही, तेव्हा ही फक्त पूर्वतयारी.

आणि फळ्यावर लिहायचं काम सर्वांत गप्प विद्यार्थ्याला देऊ नकोस, तो खडूआड लपतो. द्यायचंच असेल तर अट घाल: प्रत्येक कल्पना लिहिण्याआधी 'सो यू मीन' म्हणून मोठ्याने विचारायचं आणि समोरच्याने होकार दिला तरच लिहायचं.

तुझा,
मित्र