विंगर हवा, तर विंग मोकळी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुटबॉल प्रशिक्षकांचा विषय निघाला की आपल्याकडे युरोपातलीच नावे घेतली जातात. पी. के. बॅनर्जी कुणाला आठवत नाहीत. उजव्या विंगचा, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेने खेळणारा, हा फॉरवर्ड १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये भारताचा कर्णधार होता. फ्रान्सविरुद्धच्या १-१ बरोबरीतला गोल त्यांचाच. १९६२ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ हरवून आशियाई सुवर्ण मिळाले, त्यातही एक गोल त्यांचा. क्लब कोणता, तर ईस्टर्न रेल्वे! कोलकात्याच्या बड्या ईस्ट बंगाल आणि मोहन बागान क्लबांकडे ते आले ते प्रशिक्षक म्हणून.

१९९७च्या फेडरेशन कप उपांत्य सामन्यात प्रशिक्षक अमल दत्त यांच्या मोहन बागानची हल्ल्यावर भर देणारी ‘डायमंड’ रचना गाजत होती. बॅनर्जींच्या ईस्ट बंगालने तिला ४-१ धुतले, भायचुंग भुतियाची हॅटट्रिक. हल्ल्याला माणसे वाढवली की मागे जागा सुटते, तिथेच चेंडू टाकायचा.

पुण्यातल्या शालेय सामन्यांत सगळी मुले चेंडूभोवती गोळा होतात, विंग ओस. सरावात टचलाइनपासून (मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेपासून) पाच मीटरवर प्लॅस्टिकचे शंकू लावून पट्टी आखावी. विंगरने चेंडू पट्टीतच घ्यावा, गोललाइनजवळ न्यावा आणि पेनल्टी स्पॉटकडे मागे, जमिनीलगत द्यावा. चेंडूच्या मागे असलेल्या सहकाऱ्याला ऑफसाइड, म्हणजे नियमाबाहेर पुढे असल्याचा दोष, लागत नाही. कडेवरून मध्ये मारलेला उंच क्रॉस या वयात बहुधा वायाच जातो. आणि पालकांनी बाहेरून ‘मार, मार’ ओरडणे थांबवले तर मुले मान वर करून बघतील तरी.

– एक फुटबॉलप्रेमी, कोथरूड, पुणे