प्रिय मित्रा, आपली तीन लेकरं यादीत आली

प्रिय मित्रा,

एनएमएमएसची, म्हणजे आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची, निवडयादी लागली आणि आपल्या शाळेची तीन लेकरं त्यात आहेत. तीन! दोन पोरी आणि एक पोरगा, तिघंही तुझ्या हातची, दुसरीत तुझ्याच वर्गात होती. एक ती, जी प्रतिज्ञा सांगताना 'समृद्ध आणि विविधतेने नटलेल्या' इथं येऊन दर वेळी अडायची आणि तरी पुढं केलेला हात खाली घ्यायची नाही, शब्द सुटेपर्यंत तशीच उभी. दुसरी खिडकीपाशी बसणारी, तिचं नाक कायम वाहायचं आणि तू तिला तुझा रुमाल दिला होतास तो तिनं परत आणलाच नाही. आणि पोरगा म्हणजे वरच्या वस्तीवरचा, ज्याला तू उलटे पाढे शिकवले होतेस. फोनवर तुला एवढंच सांगितलं, तू वर्गात होतास, मागं पोरांचा कालवा चालला होता, म्हणून म्हणलं रात्री निवांत सगळं लिहूनच पाठवावं.

तुझी तिकडची शाळा पाचवीपर्यंतची म्हणून तुला या परीक्षेचं एवढं रोजचं काही नसेल, पण आमच्या आठवीच्या वर्गात वर्षभर दुसरा विषयच नव्हता. बौद्धिक क्षमतेचे ९० प्रश्न, शालेय विषयांचे ९० प्रश्न, दोन्हीला दीड-दीड तास. वर्षाचं घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे आणि निवड झाली की नववी ते बारावी दर वर्षी १२ हजार थेट पोराच्या खात्यात. म्हणजे चार वर्षांचे ४८ हजार. शहरातल्या माणसाला हा आकडा फार वाटणार नाही, पण आपल्याकडं बारावीपर्यंत पोरगी शिकवायची का नाही हे या पैशानं ठरतं रे. एसटीचा पास, वह्या, प्रवेशाचा खर्च हे सगळं त्यातून भागतं आणि मुख्य म्हणजे घरात पोरगी म्हणू शकते की माझं मी आणतेय.

आता खरं काय झालं ते सांगतो. तिघांपैकी दोघींचे आईबाप दसऱ्यापासून ऊसतोडीला गेलेत, घरी नाहीत. एकीचे बेळगावकडं, दुसरीचे सांगलीकडच्या कारखान्यावर. पोरी राहिल्या आज्यांजवळ. तुला आठवतं ना आपल्या गावाचं, दसरा झाला की ट्रक यायला लागतात, भांडीकुंडी, कोंबड्या, पलंग सगळं वर चढतं आणि आठवड्यात अर्धं गाव रिकामं. वर्गात बाकं मोकळी दिसायला लागतात. म्हणून मी म्हणतो आपल्या शाळेची खरी परीक्षा डिसेंबरात नसतेच, ती आषाढ-श्रावणात असते, मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ पैसे वाटायला येतो तेव्हा. एकदा घरात उचल आली, ती लग्नात, दवाखान्यात, बोअरमध्ये खर्च झाली की मग फेडायला जितके हात मिळतील तितके पाहिजेत, आणि तेरा-चौदा वर्षांची पोरगी म्हणजे त्यांच्या हिशोबात अर्धा कोयता, नवरा-बायकोच्या जोडीतला एक मजूर. मोळ्या बांधायला, उसाचं वाढं (शेंड्याचा पाला) गोळा करायला, लहान भाऊ सांभाळायला, स्वयंपाकाला. वर आईला धास्ती की वयात आलेली पोर म्हातारीच्या भरवशावर सहा महिने कशी ठेवायची. ती धास्ती खोटी नाही, मी त्या आईला कधीच दोष देत नाही. आणि त्या धास्तीतूनच पुढं लवकर लग्न उरकून टाकायचं हा विचार येतो हेही तुला माहितीये.

त्यामुळं यंदा आम्ही जुलैपासूनच घरोघर जायला लागलो. मुख्याध्यापक, मी आणि आपल्या गणिताच्या मॅडम. उपदेश नाही करायचा हे आधीच ठरवलेलं. फक्त विचारायचं की उचल घेताना पोरीला त्यात धरू नका, राहायचं-खायचं आम्ही बघतो. त्या प्रतिज्ञेवालीच्या बापानं बराच वेळ काही उत्तरच दिलं नाही, मग म्हणाला, "सर, हिची आजी हो म्हणली तर ठेवतो." आणि आजी काय म्हणावी? "माझा हातपाय चालतोय तवर ठेवा." बस, यादीतलं पहिलं नाव तिथंच लागलं असं मी समजतो. सत्काराला पोरींबरोबर आज्यांनाही नारळ आणि लुगडं द्यायचं असं मी समितीत मांडलं आणि सगळ्यांनी एका आवाजात हो म्हणलं.

हंगामी वसतिगृह आहेच आपलं. नाव वसतिगृह पण पोरं झोपायला घरीच, शाळेत दोन वेळचं जेवण आणि संध्याकाळचा अभ्यास. त्याचे पैसे वेळेवर येत नाहीत हे तुझ्या काळापासून आहे, अजून तसंच आहे, गावातला किराणावाला उधारीवर देतो आणि तोंडातून शब्द काढत नाही. दुपारची खिचडी वेगळी. त्याच्या हिशोबात पाचवीपर्यंत लेकरामागं १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावीपासून १५० ग्रॅम. स्वयंपाकाची मावशी तीच आहे, महिन्याला २,५०० रुपये मानधन, तेही दोन-तीन महिन्यांनी एकदम. पण तिची नजर बघ, कोणतं पोर सकाळी उपाशी आलंय हे तिला परिपाठालाच कळतं आणि त्याच्या ताटात ती न विचारता जास्त वाढते. २०२३ च्या शेवटी आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं ना, त्या दिवशी हजेरी फुल्ल असायची, पुढं २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला. पोरं अजून विचारतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ज्या घरात आईच सहा महिने नाही तिथं शाळेतलं ते अंडं म्हणजे नुसतं अंडं नसतं.

असो, अभ्यासाचं सांगत होतो. मॅडमनी गणित पूर्ण अंगावर घेतलं, मी बुद्धिमत्ता. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढून दर शनिवारी पूर्ण पेपर, घड्याळ लावून. सुरुवातीला पोरांचं अडायचं ते आरशातल्या प्रतिमेवर आणि आकृत्यांच्या मालिकांवर, मग मॅडमनी खरोखरच आरसा आणला, आकृत्या कापून दिल्या, पोरं आरशापुढं धरून बघायला लागली आणि महिनाभरात तो भाग सगळ्यात पक्का झाला. संध्याकाळी सातपर्यंत शाळा उघडी. लाइट गेली की व्हरांड्यात. आज्या न्यायला यायच्या आणि पायरीवर बसून गप्पा मारायच्या, कुणाचा फोन आला, कुणाच्या गाडीचा ऊस किती टन भरला, कुणाला ताप आला. एक आजी मॅडमना म्हणाली, "हिला लई पाठ करायला लावू नका, हिसाब शिकवा, मुकादमाच्या वहीत काय लिव्हलंय ते हिला कळलं पाहिजे." मॅडमनी दुसऱ्या दिवशी शेकडेवारी तीच घेतली, उचल किती, टनाला दर किती, कमिशन किती, फिटली किती, राहिली किती. अख्ख्या वर्गाला शेकडेवारी त्या एका दिवसात कळली, खरं सांगतो तुला.

आणि कागदपत्रं! त्यातच आमचा जीव जातो. उत्पन्नाचा दाखला काढायला बाप पाहिजे, बाप बेळगावला. आधारवर नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. फॉर्मच्या वेळी दाखल्यासाठी ओटीपी यायचा बापाच्या मोबाइलवर, मोबाइल कोपीत (राहायच्या झोपडीत) चार्जिंगला, बाप फडात. मग फोन करायचा मुकादमाला, मुकादमानं ट्रॅक्टरवाल्याला सांगायचं, ट्रॅक्टरवाल्यानं फडात हाक मारायची, तोवर ओटीपी संपलेला. शेवटी रात्री अकराला बापानंच फोन केला, म्हणाला आता गाडी भरून झाली, मी हातात मोबाइल घेऊन बसलोय सर, पाठवा. दिवसभर ऊस तोडून, रात्री गाडी भरून तो माणूस आकडे वाचून दाखवत होता, एकेक आकडा, दोनदा. मला तो आवाज अजून आठवतो. आता निवड झाल्यावर परत खातं, आधार लिंक, स्कॉलरशिप पोर्टलवर नोंदणी आणि दर वर्षी रिन्युअल. दहावीला साठ टक्के पडले नाहीत तर पुढची दोन वर्षं बंद. म्हणून मी तिघांच्या नावाची एकेक फाइलच केलीये, नववीला दुसऱ्या शाळेत गेली तरी रिन्युअलचं आम्ही बघायचं असं ठरवलंय.

दुसरी बातमी तुला आवडेल. सहावीतली एक पोरगी १४ वर्षांखालच्या गटात ६०० मीटरला तालुक्यात पहिली आली आणि जिल्ह्याला दुसरी. अनवाणी पळाली. तिला पळायचं वेड लागलं ते अविनाश साबळेमुळं, स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांची शर्यत पळणारा आपला धावपटू. मांडवा आपल्याच आष्टी तालुक्यातलं, तिथून तो पोरगा रोज सहा किलोमीटर पायी नाहीतर पळत शाळेत जायचा हे इथं प्रत्येक लेकराला माहीत आहे. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य, सोन्यापासून सेकंदाच्या विसाव्या हिश्शानं मागं, आणि पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. ती फायनल आम्ही प्रोजेक्टरवर पोरांना परत दाखवली. त्यानंतर काय झालं माहितीये, पोरांनी मैदानात स्वतःच स्टीपलचेस मांडली. मी सांगितलं ३००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात, तर लगेच विचारलं उंची किती. पुरुषांना ९१.४ सेंटिमीटर आणि बायकांना ७६.२. टेप आणला, विटा रचल्या, वर बांबू आडवा, आणि पाण्याच्या उडीसाठी पाणी वाया घालवायचं नाही म्हणून शोषखड्ड्याजवळची ओली जागा निवडली. टँकरचं गाव आहे आपलं, पोरांना पाण्याची किंमत शिकवावी लागत नाही.

तिचा बापही ऊसतोडीलाच. जिल्ह्याचा निकाल लागला त्या दिवशी मी फोन लावला तर त्यानं स्पीकर चालू केला आणि अख्ख्या टोळीला ऐकवलं. मागून कुणीतरी बाई ओरडली, "परत सांगा की सर!" मी परत सांगितलं.

माझं मन यात आनंदानं भरलेलं आहे हे खरं, पण पेपरात तीन नावं छापून येतील आणि लोक म्हणतील शाळा चांगली, तेवढ्यावर मला थांबवत नाही. कारण त्याच आठवीतून दसऱ्याला चार पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. त्यातली एक गणितात या तिघांच्याही पुढं होती. फॉर्म भरलेला होता, हॉलतिकीट आलं होतं, ती परीक्षेला आलीच नाही, तिची आजी मागच्या वर्षी वारली आणि ठेवायला घरात कुणी उरलं नाही. मॅडम म्हणाल्या मी माझ्याकडं ठेवते, बापाला ते पटलं नाही. तिचं हॉलतिकीट माझ्या टेबलाच्या कप्प्यात आहे. तिला पुढच्या जुलैत कसं थांबवायचं यावर मॅडमचं आणि माझं रोज बोलणं चालू आहे. सरकारचं मुलींचं वसतिगृह तालुक्याला आहे, तिथं नववीला नंबर लागतो का ते बघतोय, आणि या वेळी बापाशी मी नाही, स्वयंपाकाच्या मावशीनं बोलायचं असं ठरलंय, तिचा शब्द तो मोडणार नाही.

आणि आता तुझ्याकडच्या दोघांचं. शिक्षण हमी पत्रक (ज्यावर तिकडच्या शाळेत बसता येतं ते) घेऊन ऊसतोडीला गेलेली आपली दोन भावंडं तू तिथं फडावर जाऊन शोधलीस, नाव घातलंस, बसायला पाट्या दिल्यास, त्याबद्दल मी तुझे आभार मानत नाही, तू ते करणारच हे मला माहीत होतं. पण सगळ्या गावांत असं घडत नाही रे. कितीतरी पोरं तिकडं कुठल्याच हजेरीवर नसतात. त्या पोरीनं तुझ्या वर्गातून मला जो व्हॉइस मेसेज पाठवला, 'सर इथं ऊस शाळेपेक्षा उंच आहे', तो मी परिपाठाला सगळ्यांना ऐकवला. ती सगळीकडं बारीक लक्ष ठेवणारी पोर आहे, तिला सोडू नकोस.

आता कामाचं, नीट वाच. ती पाचवीत आहे, म्हणजे वार्षिक परीक्षा तिला द्यावीच लागेल, पाचवी-आठवीला आता नापास करतात. तुमच्याकडच्या कारखान्याचा पट्टा कधी पडतोय, म्हणजे हंगाम कधी संपतोय, ते चौकशी करून कळव. पाडव्याच्या आत पडला तर ती इथं येऊन पेपर देईल. नाही पडला तर तू तिथंच तिची परीक्षा घे आणि गुण मला व्हॉट्सअॅपवर पाठव, सही-शिक्क्याचं पत्र मागून पोस्टानं. आकारिक नोंदीही पाठव, मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलंय. धाकट्याचं वाचन कुठवर आलंय तेही लिही, जाताना जोडाक्षरं अडत होती.

आणि तुझ्या त्या कोल्हापूरच्या मित्राचं स्पोर्ट्सचं दुकान आहे म्हणालास ना, त्याला आपल्या पळणाऱ्या पोरीसाठी स्पाइक्स (पळायचे खिळ्यांचे बूट) विचार, साइज चार. जुने चालतील, पण तळवा धड पाहिजे. किती होतात ते सांग, पैसे आम्ही शिक्षक मिळून देतोय, तू एकट्यानं भरायचे नाहीत. ऊसतोडीचा ट्रक परत येईल त्यात त्या भावंडांच्या हातीच दे, कुरिअरपेक्षा ते लवकर पोचतील.

वहिनींना नमस्कार, लेकीला गोड पापा.

तुझाच,
आष्टीचा मास्तर