गृहमंत्री साहेब, अकाउंट ‘प्रायव्हेट’ करून काय होणार?

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: एका रीलस्टारची टोळधाड, आणि महिलांवरील अत्याचारांविरुद्धच्या शक्ती विधेयकाचं पुढे काय झालं याबाबत

महोदय,

सादर नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात राहते, शिवणकाम करते आणि फावल्या वेळात मोबाइलवर मिनिटभराचे व्हिडिओ करते. विषय रुक्ष: सातबारा, वारसनोंद, हक्कसोड. गेल्या महिन्यात एवढंच बोलले की, भाऊ ‘नुसती सही कर’ म्हणाला तरी कागद वाचल्याशिवाय हक्कसोडपत्रावर सही करू नका. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा आपल्या राज्यानं 1994 सालीच मान्य केला. केंद्राला 2005 उजाडलं. यात स्फोटक काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

पुरुषांच्या हक्कांसाठी लढतो म्हणवणाऱ्या एका रीलस्टारला कळलं. त्यानं माझा व्हिडिओ रीमिक्स केला. अर्ध्या पडद्यावर मी, अर्ध्यावर गॉगल लावलेले हे. ‘असल्या फेमिनिस्ट बायांनीच माहेरं तोडली,’ आणि खाली माझ्या गावाचं नाव. मग कमेंटींचा पाऊस. ‘हिच्या नवऱ्याला सांगा, घरात निळा ड्रम आहे का बघ.’ मेरठचं खून प्रकरण मार्च 2025 मधलं, ज्यात नवऱ्याला मारून निळ्या ड्रममध्ये भरल्याचा आरोप बायकोवर आहे. तेव्हापासून तोंड उघडणाऱ्या कुठल्याही बाईच्या पोस्टखाली हा ड्रम गडगडत येतो. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याजवळ एक सून गेली, लग्नात फॉर्च्युनर आणि 51 तोळे सोनं देऊनही. पुरुषांच्या पोस्टखाली कोणी फॉर्च्युनर लावत नाही.

पुरुषांचाही छळ होतो, मान्य. डिसेंबर 2024 मध्ये बेंगळुरूच्या त्या अभियंत्यानं बायकोवर छळाचा आरोप करत जीव दिला तेव्हा मलाही रात्री झोप लागली नव्हती. पण त्याचा माझ्या सातबाऱ्याशी संबंध काय?

पुढे माझा नंबर फिरला. रात्री-अपरात्री व्हिडिओ कॉल. एक फोन सासूबाईंनी उचलला. पलीकडून काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं. दोघीजणींनी शिवायला टाकलेले ब्लाउजपीस तसेच परत नेले. एकीनं तर कापड माझ्यासमोर टेपनं मोजून घेतलं, जणू बदनाम बाई चोरही असणार.

अॅपवर तक्रार केली. उत्तर आलं, आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. अर्थात! शिव्या पडल्या की व्हिडिओ आणखी चालतो, आणखी चालला की जाहिराती आणखी. यांनी कशाला थांबवावं?

म्हणून पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदार म्हणाले, ‘ताई, अकाउंट प्रायव्हेट करून टाका ना. आधी तुम्हीच बोललात.’ आयटी अॅक्ट लावला तर तपास निरीक्षकाच्या खाली देता येत नाही, आणि साहेब बंदोबस्तात. मग काय, एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद. साहेब, भारतीय न्याय संहितेचं कलम 79, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान, दखलपात्र आहे. 3 वर्षांपर्यंत कैद आहे. मी मशीनवर बसून वाचलं. पगार घेऊन वाचायला काय हरकत होती?

आणि पोलिसांना इंटरनेट कळत नाही असं कृपया म्हणू नका. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरला मुंबई बंदबद्दल एका मुलीनं फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीनं लाइक केलं. दोघींना अटक! तेव्हा बरं कळलं. त्या प्रकरणातून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2015 मध्ये ऑनलाइन मजकुरावरून अटक करू देणारं आयटी अॅक्टचं कलम 66अ रद्द झालं. बाईनं लिहिलं तर लगेच गाडी येते, बाईबद्दल लिहिलं तर साहेब बंदोबस्तात.

आता शक्ती. डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमतानं मंजूर केलं. समाजमाध्यमांवरून बाईचा छळ करणाऱ्याला शिक्षा, माहिती दडवणाऱ्या कंपन्यांना दंड. केवढे ढोल वाजले होते! पेढे वाटायचेच बाकी होते. विधेयक दिल्लीला गेलं आणि तिथून कायदा होऊन काही परत आलं नाही. तेव्हाचं सरकार वेगळं होतं, हे सांगू नका. एकमत म्हणजे त्यात सगळेच आले.

बहिणीला 1500 रुपये देताना तुमच्या पोस्टरवर राखी असते. तीच बहीण बापाच्या जमिनीत वाटा मागायला लागली की गावातला तुमचाच कार्यकर्ता तिला घर फोडणारी म्हणतो. देशात एका वर्षात (2023) महिलांवरच्या गुन्ह्यांची नोंद साडेचार लाखांच्या घरात, आणि हे रीलवाले सांगतात सगळ्या केसेस खोट्या. अशांनाच दहीहंडीला फेटा बांधून मंचावर बसवतात. सत्तेतले बसवतात, विरोधातलेही बसवतात. फॉलोअर म्हणजे मतं. माझ्याकडे किती? मग माझी एनसीच.

तरी मागणं मोठं नाही. एनसीचा एफआयआर करा. ज्या रीलस्टारवर बायकांच्या तक्रारी आहेत त्याच्याशेजारी मंचावर बसू नका. आणि शक्तीचं काय झालं ते एका ओळीत कळवा. रील करून कळवलंत तरी चालेल, फक्त कमेंट बंद ठेवू नका.

आपली,
एक लाडकी बहीण (हप्ता वेळेवर आला तर)
जि. सांगली