मऊ ब्रेक पेडल : ऑइल टाकण्याआधी दोष शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घाटात गाडी उलटल्याच्या बातमीत 'ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला' एवढे एक वाक्य असते आणि चौकशी तिथेच संपते. ब्रेक अचानक जाऊच शकत नाहीत असे नाही. पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारा ब्रेक ऑइलचा लोखंडी पाइप गंजला असेल, तर तो एका क्षणात फुटतो. परंतु दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या मोटारीचे पेडल बहुधा आधी बरेच दिवस मऊ लागत असते, पाय पूर्वीपेक्षा खोल जात असतो, आणि मालकाला त्याची सवय होऊन गेलेली असते. आपल्याकडे जुन्या मारुती, ओम्नी आणि शेतीच्या कामाला ठेवलेल्या जीप अजून भरपूर फिरतात. याच गाड्या चाळीसगावहून कन्नड घाट, साक्रीहून कोंडाईबारी आणि शहाद्याहून तोरणमाळ असा प्रवास करतात. मोटार दुरुस्तीचे काम शिकवण्यात माझे आयुष्य गेले असल्यामुळे या एका दोषाविषयी सविस्तर लिहीत आहे.

पेडल मऊ लागते म्हटले की गॅरेजमध्ये ब्रेक ऑइलच्या डबीत ऑइल भरायचे, एकाने पेडल दाबून पंप मारायचा, दुसऱ्याने चाकापाशी असलेले निपल, म्हणजे हवा काढण्याचा पोकळ स्क्रू, सैल करून हवा काढायची आणि गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची, ही रीत सर्रास दिसते. ऑइल दाबले जात नाही आणि हवा दाबली जाते, म्हणून हवा काढल्यावर पेडल त्या दिवशी कडक होते हे खरेच. पण बंद नळ्यांमध्ये ती हवा आली कुठून, हा प्रश्न कोणी विचारत नाही. नुकतेच ब्रेकचे काम केलेले नसेल आणि डबी कधी रिकामी पडलेली नसेल, तर बहुधा कुठेतरी गळती आहे, आणि ती तशीच ठेवून काढलेली हवा पुन्हा येणारच.

दोष शोधायला प्रथम स्वतःचा पायच पुरतो. सपाट जागी, चाकांना दगड लावून, पेडल एकदा दाबावे आणि मग भराभर तीन-चार वेळा दाबावे. प्रत्येक दाबासरशी ते वर येऊन शेवटी दगडासारखे कडक होत असेल, तर बऱ्याचदा दोष हवेचा नसून मागच्या ड्रममधील ब्रेक शू (ड्रमवर आतून दाबून चाक थांबवणारे भाग) आणि ड्रम यांच्यात वाढलेल्या अंतराचा असतो. शूवरचे लायनर झिजले आणि आपोआप जुळणारी यंत्रणा गंजून अडकली की असे होते, आणि तिथे हवा काढत बसणे म्हणजे निव्वळ वेळ घालवणे. पंप मारल्यावर पेडल थोडे वर येते पण पायाखाली रबरासारखे दबतच राहते, तेव्हा हवेचा संशय घ्यावा.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची आहे. इंजिन चालू ठेवून पेडलवर मध्यम, स्थिर दाब द्यावा आणि मिनिटभर पाय हलवू नये. पाय पेडलवर असताना इंजिन सुरू केले, तर ते सुरू होताच पेडल किंचित खाली जाते, तो बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, काम करत असल्याचा पुरावा आहे, त्याने घाबरू नये. मात्र त्यानंतरही ते हळूहळू तळाकडे सरकत राहिले, डबीतील पातळी कमी झाली नाही आणि चाकांपाशी ओल दिसली नाही, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या दाबाने ऑइल नळ्यांत ढकलणाऱ्या भागाच्या) आतील रबरी सील ऑइल मागे सोडत आहेत असे समजावे. लाल दिव्याशी थांबल्यावर पेडल आपोआप खाली गेल्यासारखे वाटते, ही तक्रार बहुतेक वेळा हीच असते. बूस्टर बिघडला तर पेडल मऊ नव्हे, उलट जड होते. तरीही मऊ पेडलच्या तक्रारीवर बूस्टर बदलण्याचा खर्च मालकाच्या माथी मारलेला मी पाहिला आहे.

त्यानंतर डोळ्यांनी पाहण्याचे काम. मागचा ड्रम काढून, ब्रेक शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या टोकावरील रबरी टोपी बोटाने किंचित उचलावी. आत कोरडी धूळ असेल तर ठीक, ओल किंवा काळा चिकट थर दिसला तर सिलिंडर गेला. आणखी एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मास्टर सिलिंडरच्या मागच्या टोकातून गळणारे ऑइल बूस्टरच्या पोटात जाते आणि जमिनीवर एक थेंबही पडत नाही. पातळी घटते, चाके कोरडी आहेत, पॅडही फारसे झिजलेले नाहीत, अशा वेळी मास्टर सिलिंडरचे नट काढून तो पुढे ओढावा आणि मागची बाजू पाहावी.

चाकांपर्यंत जाणारे रबरी होज पाइप जुने झाले की दाबाने फुगतात आणि पेडल मऊ लागते. एकाने पेडल दाबायचे व दुसऱ्याने पाइप मुठीत धरायचा. फुगणे हाताला जाणवते. जाणकार मेकॅनिक गोल तोंडाच्या क्लॅम्पने एकेक होज बंद करून पाहतो, आणि ज्या चाकाचा होज बंद केल्यावर पेडल कडक होते त्या बाजूला दोष असतो. हे काम पक्कडने करू नये. होजला भेगा पडलेल्या असतील तर ही परीक्षा न करता तो सरळ बदलावा.

ऑइलविषयी एक गैरसमज आहे. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात ब्रेक ऑइल उकळते असे लोक म्हणतात. तसे होत नाही. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत आणि डॉट ४ प्रतीचे २३० अंशांपर्यंत टिकले पाहिजे असे मानक आहे. पण हे ऑइल हवेतील ओलावा शोषते, आणि ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी तेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. उतारावर सतत पाय ठेवल्याने चाकांपाशी एवढी उष्णता सहज होते, ऑइलमधले पाणी वाफ बनते आणि पेडल एकदम खाली बसते. घाटाच्या पायथ्याशी मऊ झालेले पेडल गाडी थंड झाल्यावर पुन्हा बरे वाटले, तर ते ठीक झाले असे मानू नये. सगळे ऑइल बदलावे. साधारण दोन वर्षांनी ते बदलणे योग्य, आणि ते सीलबंद बाटलीतलेच असावे. इंजिन ऑइल चुकूनही टाकू नये, कारण त्याने सगळे रबरी सील फुगून निकामी होतात.

हवा काढतानाही एक काळजी घ्यावी. जुन्या मास्टर सिलिंडरचे पेडल पार तळापर्यंत मारले, तर नेहमी न वापरल्या जाणाऱ्या, गंज व मळ साचलेल्या भागावरून सील घासत जातात आणि चांगला सिलिंडरही खराब होऊ शकतो. म्हणून पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा. डिस्क ब्रेकचे पॅड दाबणारे कॅलिपर डाव्या-उजव्या बाजूंना उलटे बसवले गेले असतील, तर निपल खाली येते आणि कितीही हवा काढली तरी वरची हवा आतच राहते. नव्या मुलांकडून ही चूक हमखास होते.

गॅरेजवाल्यांना विनंती अशी, की बिलावर 'ब्रेक काम' एवढेच लिहू नये. पेडल कसे वागत होते, गळती कुठे सापडली आणि कोणता भाग बदलला, हे दोन ओळींत लिहावे. मालकांनीही पैसे देण्याआधी ते मागावे आणि बिल गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावे, म्हणजे सहा महिन्यांनी पेडल पुन्हा मऊ लागले, तर पुढच्या मेकॅनिकला शोध पहिल्यापासून करावा लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त मोटार मेकॅनिक प्रशिक्षक, धुळे