आधी हात दाखव, मग हाक मार

आचरे, ता. मालवण
१४ जून

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "सगळीकडे लॉक लावला तरी रेस उरते कशी?" रेस म्हणजे दोन कामं एकाच मेमरीवर एकदम आली की कोण आधी पोचतो यावर निकाल फिरतो, ती चूक; आणि लॉक म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप. मी उत्तर द्यायला लागलो तोच लाइट गेली, पाठोपाठ टॉवरही गेला. तेव्हापासून पाऊस थांबलेला नाही. रेंजसाठी सड्यावर जावं लागतं आणि सड्यावर वारा उभं राहू देत नाही. म्हणून लिहायलाच बसलो. तू आता कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, नेटवर्क टीममध्ये जातोयस, पहिल्याच महिन्यात हा प्रश्न तुझ्यासमोर येणार, तेव्हा उत्तर अर्धवट राहू नये असं मनापासून वाटतं.

सुरुवात होडीपासून करतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी. आमची होडी लहान, पण या दर्यात ती तरी कोण घालणार? मेअखेरीस वर घेतली. होडी वर घेताना तू कधी पाहिलेलं नाहीस. वाळूवर ओंडके आडवे टाकतात, दोन्ही बाजूंनी माणसं खांदा लावतात, होडी पुढे सरकली की मागे सुटलेला ओंडका उचलून पुन्हा नाळेखाली घालायचा. ओंडका घालणारा "चला" म्हणाला की बाकीचे जोर लावतात. या वेळी माझ्या चुलतभावाने ओंडका घातला, "चला" म्हणाला, आणि ओंडका जरासा तिरका वाटला म्हणून हात परत खाली नेला. वीस माणसांचा जोर एकदमच येतो रे. नख गेलं, बोट वाचलं. काका ओरडला नाही. फडकं गुंडाळता गुंडाळता एवढंच म्हणाला, "पयले हात दाखव, मगे साद घाल."

मी तिथेच थबकलो. गेल्या वर्षी अडीच महिने ज्या बगच्या मागे होतो, तो नेमका हाच होता.

तेव्हा एका गेटवेचं, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या यंत्राचं, कर्नल मॉड्यूल माझ्याकडे होतं. पॅकेट आलं की एन्क्रिप्शनची रिक्वेस्ट बनवायची, क्रिप्टो इंजिनाकडे सोपवायची आणि पुढच्या कामाला लागायचं. इंजिनाचं काम संपलं की ते कॉलबॅक करणार, म्हणजे मी देऊन ठेवलेलं फंक्शन बोलावणार. टनेल (एन्क्रिप्ट केलेलं कनेक्शन) बंद करताना मात्र सगळ्या रिक्वेस्ट संपेपर्यंत थांबायचं, आणि मगच कॉन्टेक्स्टची, म्हणजे त्या टनेलची सगळी माहिती जिथे ठेवलीय तिची, मेमरी मोकळी करायची. कॉलबॅकमध्ये मी काय करत होतो बघ: स्पिनलॉक घेतला, बाकी रिक्वेस्टचा आकडा एकने उतरवला, शून्य झाला तर कम्प्लीट केलं, म्हणजे वाट पाहणाऱ्याला "संपलं" अशी हाक दिली, मग लॉक सोडला. लॉक होता, क्रम नीट होता, दोघांनी रिव्ह्यू केलेला होता.

आता शेवटच्या दोन ओळींच्या मधे उभा राहा. कम्प्लीट झाल्याक्षणी वाट पाहणारा थ्रेड दुसऱ्या सीपीयूवर जागा होतो. त्याच्या लेखी काम संपलं. तो कॉन्टेक्स्ट मोकळा करतो आणि निघून जातो. माझ्या कॉलबॅकला अजून लॉक सोडायचाय, आणि तो लॉक त्याच कॉन्टेक्स्टच्या पोटात. "चला" म्हणून झालंय, हात अजून ओंडक्यावर आहे. तोवर ती जागा दुसऱ्या कुणाला दिली गेली असेल, तर लॉक सोडताना आपण परक्याच्या मेमरीत लिहून येतो. नेटवर्क सुरक्षेच्या कोडमध्ये हे नुसत्या क्रॅशवर थांबत नाही. कनेक्शन कधी उघडायचं आणि कधी बंद करायचं हे बाहेरच्या माणसाच्या हातात असतं. त्या मोकळ्या जागी आपल्याला हवं ते नेऊन बसवण्याची खटपट तो करू शकतो, लाखो वेळा. त्याला एकदाच साधायचं असतं.

तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. आत एका वेळी कोण, एवढंच लॉक ठरवतो. खोली जागेवर आहे की पाडून टाकली, हे त्याला ठाऊक नसतं. आणि लॉक खोलीच्या आतच असेल, तर खोलीबरोबर तोही गेला.

हे दिसायला मला इतके दिवस लागले, कारण प्रिंट टाकला की बग गायब व्हायचा. प्रिंटला वेळ लागतो, वेळा सरकतात, दोन ओळींमधली फट बुजते. मधेच टीममधल्या एकाने मेमरी मोकळी करण्याआधी १० मिलिसेकंदांची झोप घातली. क्रॅश थांबले, सगळे खूश झाले. मी भांडलो, आणि भांडलो याचं मला आजही बरं वाटतं. व्हर्च्युअल मशीनचा सीपीयू होस्टने त्या दोन ओळींच्या मधेच काढून घेतला, तर कॉलबॅक किती वेळ लटकेल याला काही हद्द नाही. शेवटी मी उलटं केलं. केसॅन, म्हणजे मेमरीतल्या चुका पकडणारं कर्नलमधलं साधन, चालू केलं आणि कम्प्लीट व लॉक सोडणं यांच्या मधे मुद्दाम उशीर घातला. पहिल्याच टनेलला रिपोर्ट आला: मोकळ्या केलेल्या मेमरीत लिखाण, कुणी मोकळी केली, कोण लिहितंय, दोन्ही स्टॅकसकट. फट संशयास्पद वाटली की ती बुजवू नकोस, रुंद कर.

मग कळलं की लिनक्सच्या स्वतःच्या कोडमध्येही हीच चूक सापडली होती. टीएलएस, म्हणजे वेबवरच्या कनेक्शनचं एन्क्रिप्शन, कर्नलमध्ये आलं ते पाठवण्यापुरतं ४.१३ आवृत्तीत, २०१७ साली. घेण्याची बाजू आली ४.१७ मध्ये, २०१८ साली. तिथला असिंक्रोनस (मागाहून येणारा) कॉलबॅक आणि सॉकेट (कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) बंद होणं यांच्यातली रेस फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्त झाली. सुरक्षेतल्या चुकांच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०२४-२६५८३ हा क्रमांक शोध आणि तो पॅच नक्की वाच, छोटा आहे आणि सुंदर आहे. त्यांनी लॉक वाढवला नाही, काढूनच टाकला. उरला फक्त अणुरूप (वाढवता-उतरवताना मधे कुणाला शिरता येत नाही असा) आकडा, आणि तो शून्यापासून नव्हे, १ पासून सुरू होतो.

हा जास्तीचा एक कशासाठी, ते नीट समजून घे. समज, तांडेल (होडीचा म्होरक्या) तीन ओंडके एकामागून एक घालायला सांगतोय. पहिला माणूस वाकला, ओंडका घालून उठला. दुसऱ्याला अजून सांगायचंय. त्या क्षणी वाकलेली माणसं मोजलीस तर शून्य! म्हणून तांडेल स्वतःलाही मोजतो. तिघांनाही सांगून झालं की मग तो स्वतःचा एक उतरवतो. त्यानंतर जो कुणी आकडा शून्यावर आणेल तोच हाक मारणार, आणि हाकेनंतर कशालाही शिवणार नाही. तांडेलाने उतरवतानाच शून्य झालं, तर थांबायचं कारणच उरलं नाही. कोडमध्ये पाठवणारा थ्रेड म्हणजे हा तांडेल. कॉलबॅकची शेवटची ओळ कम्प्लीट, तिच्याखाली काही नाही. ती ओळ दिसली की मी आजही खाली काय आहे ते आधी पाहतो.

त्याच मालिकेतली आणखी एक दुरुस्ती, २६५८४ क्रमांकाची, तुला आत्ताच सांगून ठेवतो, कारण तिथे भलेभले चुकतात. क्रिप्टोची रांग भरलेली असेल आणि तू बॅकलॉगला (रांगेबाहेर थांबून राहायला) परवानगी दिली असशील, तर उत्तर ईइनप्रोग्रेस (काम चालू आहे) येत नाही, ईबिझी (गर्दी आहे) येतं. नाव ऐकून वाटतं काम नाकारलं, आणि आपण एरर समजून मेमरी मोकळी करतो. नाकारलेलं नसतं! रिक्वेस्ट रांगेबाहेर उभी असते, आणि कॉलबॅक दोनदा येतो. पहिल्यांदा ईइनप्रोग्रेस घेऊन, म्हणजे "आता आत घेतलं", आणि दुसऱ्यांदा निकाल घेऊन. पहिल्यालाच आकडा उतरवलास तर घोटाळा, ईबिझीला मेमरी सोडलीस तर त्याहून मोठा. नेहमीच्या टेस्टमध्ये रांग भरतच नाही, म्हणून हा रस्ता कुणी चाललेलाच नसतो. क्रिप्टडीची, म्हणजे क्रिप्टोची कामं मागे चालवणाऱ्या कर्नलमधल्या भागाची, रांग मुद्दाम तोकडी करून चालव, लगेच दिसेल.

टेबलमधून वस्तू शोधून काढताना आधी तिचे वापरणारे मोजणारा आकडा वाढवायचा, आणि तो आधीच शून्य असेल तर हात लावायचा नाही, हे तुला कॉलेजपासून माहीत आहे. साधा अणुरूप आकडा वापरण्यापेक्षा लिनक्स ४.११ पासून आलेला रेफकाउंटचा (वापरणारे मोजण्याचा) प्रकार वापर; तो उलटून शून्यावर येण्याऐवजी अडकून बसतो आणि ओरडतो. मेमरी थोडी गळेल, पण परक्याच्या हाती जाणार नाही.

तुमच्या मॉड्यूलचा सॉकेट बंद करण्याचा भाग दाखवता येण्यासारखा असेल तर पाठव. सगळा नको, कॉलबॅक आणि बंद करण्याचं फंक्शन एवढंच. छापून पाठवलास तर आणखी बरं, या पावसात लॅपटॉपचा भरवसा नाही.

चुलतभावाचं बोट बरं आहे, नवं नख यायला मात्र अजून वेळ लागेल. नारळी पौर्णिमेला सुट्टी काढून ये. होडी खाली उतरवताना ओंडक्यापाशी एक माणूस कमी पडतो.

तुझा,
अण्या